सातव्या मजल्यावरचा अज्ञात संगीतकार

४ फेब्रुवारी

ग्रंथपालबाईंनी आज मला बोलावून घेतलं आणि बसायला खुर्ची दिली. त्या खुर्ची देतात तेव्हा बातमी वाईट असते.

आमचा नऊ जणांचा गायकवृंद दर मंगळवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत सराव करतो. समोर उभा राहून हात करतो, म्हणजे हाताच्या इशाऱ्यांनी ताल देऊन सगळ्यांना गाववतो, तो मी. खोली फुकट आहे. त्याबदल्यात आम्ही वर्षातून एकदा खालच्या हॉलमध्ये कार्यक्रम करतो. गेल्या वर्षी श्रोत्यांमध्ये तिघे नवरे आपापल्या बायकांना न्यायला आलेले होते आणि एक गृहस्थ वर्तमानपत्र वाचायला. ते मात्र शेवटपर्यंत बसले. छोट्या जाहिरातीसुद्धा वाचल्या त्यांनी.

"सर," बाई म्हणाल्या, "या वेळी हॉल भरला नाही तर वरची खोली व्यायामाच्या वर्गाला द्यावी लागेल. मला वरूनच तसं सांगितलंय." मग जरा आवाज उतरवून, "ते लिफ्टचं गाणं आहे ना, सगळीकडे वाजतं ते, तेवढं एक घ्या की."

मी म्हटलं, "बाई, आम्ही युरोपातलं रेनेसाँस काळातलं संगीत गातो. पाचशे वर्षांपूर्वीचं."

"तेच तर म्हणतेय मी," बाई म्हणाल्या.

मी पियानो सुरात लावून देणारा माणूस आहे. कानावर पोट भरतो. चार आवाज चार वाटांनी जातात आणि तरी एकमेकांच्या पायांत येत नाहीत, असलं संगीत एकदा कानात बसलं की लिफ्टबिफ्ट गोड लागत नाही. खोली गेली तर वृंद मोडणार, हे मला कळतं. आमच्यापैकी कुणाच्याही घरात नऊ माणसं आणि एक पियानो मावत नाही.

घरी बायकोला सांगितलं. ती शाळेत गणित शिकवते आणि वृंदात आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा आवाज, गाते. "मग घेणार का लिफ्टचं गाणं?" तिने पेपरातून डोकं वर न काढता विचारलं.

"माझ्या हयातीत नाही."

"बघू," ती म्हणाली. इतर लोक जिथे 'नाही' म्हणतात तिथे ही 'बघू' म्हणते.

६ फेब्रुवारी

केस कापायला मेहुण्याच्या सलूनमध्ये गेलो. बायकोचा धाकटा भाऊ. हात चांगला, तोंड फार. आमचा एकमेव भरवशाचा टेनर, म्हणजे पुरुषांचा वरचा आवाज, तोच, म्हणून सहन करतो. सलूनमध्ये ते गाणं दिवसभर चालू असतं. 'लिफ्ट बंद आहे, जिन्यानं ये, सातव्या मजल्यावर एकटी मी आहे.' याला काव्य म्हणतात.

मी चंग बांधलाय. कार्यक्रमाआधी पंधरा मिनिटांचं भाषण करायचं आणि आजच्या गाण्यांत काही म्हणजे काही नसतं हे पुराव्यानिशी सिद्ध करायचं. निदान भांडण ऐकायला तरी लोक येतील. पण पुरावा हवा तर गाणं नीट ऐकायला हवं. मेहुण्याने ते माझ्या फोनमध्ये घालून दिलं. "भाऊजी, सांभाळून हं," म्हणाला, "एकदा चिकटलं की निघत नाही."

मला काही चिकटत नाही.

९ फेब्रुवारी

गाणं ऐकलं. एक गोष्ट नाइलाजाने नोंदवतो. 'जिन्यानं ये' म्हणताना चाल एकेक स्वर वर चढत जाते, पायरी पायरीने, आणि 'सातव्या' या शब्दावर बरोब्बर सातव्या स्वराला पोचते. रेनेसाँसचे लोक नेमकं हेच करत. शब्दात आकाश आलं की सूर वर, कबर आली की खाली. शिवाय मधल्या कडव्यात ती गायिका चौथ्या मजल्यावर धापा टाकते. शब्द तोडून मध्ये श्वास टाकलाय. जुन्या प्रेमगीतांत उसासे दाखवायला तंतोतंत असेच तुकडे करत असत.

योगायोग. आंधळ्या कोंबडीलाही दाणा सापडतो कधीतरी.

१२ फेब्रुवारी

दुसऱ्या कडव्यात मागून एक आवाज येतो आणि पुढच्या आवाजाची चाल, तीच्या तीच, दोन ठोके उशिरा म्हणत जातो. आमच्याकडे याच्यावर ग्रंथ आहेत. बास, म्हणजे सगळ्यात खालचा आवाज, तर पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच चार स्वर फिरवत बसलाय. हेही आमच्याकडचंच, त्यावर लोक तासन्‌तास नाचायचे.

आज एका घरी पियानो लावत होतो. काम झाल्यावर हात आपोआप ते चार स्वर वाजवायला लागले. घरच्या बाई आतून 'लिफ्ट बंद आहे' म्हणत बाहेर आल्या आणि पुढचं कडवं पुरं करेपर्यंत मला थांबू देईनात. बाहेर पडलो तेव्हा कान तापले होते. भाषणाचा मसुदा जरा बदलायला हवा.

१८ फेब्रुवारी

सरावाला सगळे आले. खोलीचं सांगितलं. टपालवाल्या मावशींनी (टपालखात्यातून निवृत्त झाल्या, आमच्या पहिल्या सोप्रानो, म्हणजे सगळ्यात उंच आवाज) डोळ्याला रुमाल लावला. आमचे बास म्हणजे दंतवैद्य. त्यांनी बाकीच्यांच्या मनातलं बोलून टाकलं. "सर, एकच गाणं. घेऊन टाकू ना. इंजेक्शनसारखं. क्षणभर दुखेल."

मी साफ नकार दिला. म्हटलं, जुने उस्ताद काही रस्त्यावरच्या गाण्यांना विटाळ मानत नव्हते, पण त्यांना ती पचवता यायची. ते बाजारातलं चावट गाणं घेत, त्याचा एकेक स्वर रबरासारखा ताणत, टेनरच्या तोंडी देत, आणि बाकीचे आवाज त्याच्याभोवती असे विणत की पवित्र प्रार्थना चालू आहे असंच वाटावं. चर्चमधले पाद्री डोळे मिटून माना डोलवायचे आणि मधोमध दारूच्या गुत्त्यातलं गाणं चाललेलं असायचं.

"म्हणजे लपवाछपवी?" मावशी एकदम खुलल्या.

"आणि कुणालाच कळायचं नाही?" बायकोने विचारलं.

"ज्याला कान आहेत त्याला कळायचं. मला तर पहिल्या ओळीत कळेल."

दंतवैद्यांना खोकल्याची उबळ आली. मेहुणा ताईकडे बघायला लागला आणि ताई छताकडे. पाण्याची सोय करायला हवी त्या खोलीत.

१ मार्च

यंदा मुलांनी गणिताचे पेपर फार लांबलचक लिहिलेले दिसतात. बायको जेवण झालं की आतल्या खोलीत दार लावून बसते. मधूनमधून फोनवर कसलेसे सूर वाजतात. विचारलं तर म्हणाली, "कंटाळा येऊ नये म्हणून लावते."

मलाही एकदा बोलावलं आणि विचारलं, "बासला इथे खाली नेलं तर आल्टोशी भांडण होईल का?" मी विचारलं कशासाठी, तर म्हणे, असंच, जुनी आठवण काढत होते. आम्ही दोघं संगीतशाळेत एकाच वर्गात होतो. स्वररचनेच्या परीक्षेत तिला माझ्यापेक्षा जास्त गुण पडले होते. परीक्षकांना त्या दिवशी सर्दी होती. मी तिला नीट समजावून सांगितलं. तिनेही ऐकून घेतलं आणि दार लावलं.

हॉलचं काय करावं सुचत नाही. भाषणाला लोक येतील असं आता मलाही वाटेनासं झालंय.

४ मार्च

आजचा दिवस लक्षात ठेवण्यासारखा.

मेहुणा नोटेशनचे कागद घेऊन आला. त्याच्याकडे दाढी करायला येणाऱ्या कुणा प्राध्यापकांनी परदेशातल्या एका जुन्या संग्रहातून उतरवून आणलेली रचना आहे. चार आवाज, लॅटिन प्रार्थना, कर्ता अज्ञात. "कोण होता बिचारा, कुणाला माहीत नाही," मेहुणा आरशात बघून म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. संगीताने हा माणूस एवढा हलेल असं वाटलं नव्हतं.

पियानोवर बसलो आणि उठवेना. वरचे आवाज एकमेकांचा पाठलाग करतात, हात लावल्यासारखं करून निसटतात, आणि मधोमध टेनर स्वस्थपणे लांबच लांब स्वर धरून चढत जातो. एक जागा अशी आहे की तिथे माझा श्वासच अडकला. आल्टो अशा ठिकाणी वळते जिथे कुणालाही वळायचं सुचणार नाही, आणि वळल्यावर वाटतं की दुसरी वाटच नव्हती. हा संगीतकार उत्तर युरोपातला असावा. तरुणपणी गेला असणार, नाहीतर नाव राहिलं असतं.

जेवताना बायकोला म्हटलं, "असं डोकं शतकातून एकदा जन्माला येतं."

"कुठली जागा आवडली, नीट सांगा ना," ती म्हणाली. सांगितली. "आणखी?" तीही सांगितली. पहिली जागा तिने पुन्हा एकदा सांगायला लावली. माझ्या बोलण्यात इतका रस तिने आजवर कधी घेतला नव्हता.

११ मार्च

पहिला सराव. आश्चर्य म्हणजे सगळ्यांना रचना जवळजवळ पाठ होती. चांगलं संगीत माणसाकडून आपोआप गाऊन घेतं ते असं.

टेनर मात्र जरा निर्जीव. मी सगळ्यांना थांबवलं आणि मेहुण्याला म्हटलं, "अरे, नुसते स्वर धरू नकोस. आत्मा वर चाललाय. डोळ्यांसमोर जिना आण. उंच जिना! एकेक पायरी!"

मेहुणा खोलीबाहेर पळाला. दंतवैद्य खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागले, त्यांच्या बुटांना नाड्या नाहीत. मावशींनी अख्खा रुमाल तोंडात घातला. बायको एकटी स्थिर उभी होती. "चालू द्या," म्हणाली, "छान समजावताय तुम्ही."

१७ मार्च

सापडलं! मुद्देमालासकट सापडलं!

आज सकाळी टेनरचा भाग सहज दुप्पट वेगाने वाजवला. मग चौपट, मग आठपट. सात पायऱ्या वर, मग चार स्वरांची घसरण, मग तो अर्ध्या सुराचा लाडिक हेलकावा. 'लिफ्ट बंद आहे, जिन्यानं ये!' स्वरन्‌स्वर तेच! त्या गाणाऱ्या बाईने पाचशे वर्षांपूर्वीच्या उस्तादाची चाल ढापली आहे. बिचारा मेला, नाव उरलं नाही, आणि ही त्याच्या जिवावर सातव्या मजल्यावर बसलीय.

म्हणूनच मला ते गाणं बरं वाटत होतं तर! कान कधी खोटं बोलत नाही.

तडक ग्रंथपालबाईंकडे गेलो आणि म्हटलं, कार्यक्रमात मी ही चोरी सगळ्यांसमोर उघड करणार. बाईंनी या वेळी खुर्ची दिली नाही, उभ्याउभ्याच कागद ओढून जाहिरात लिहायला घेतली.

१८ मार्च

वृंदाला बातमी दिली. टाळ्यांची अपेक्षा होती. सगळे आपापले कागद उलटेपालटे करायला लागले. दंतवैद्यांचा चेहरा त्यांच्या पेशंटसारखा झाला. मावशी म्हणाल्या, "अगं बाई, आता गं?" हे त्या माझ्या बायकोला उद्देशून का म्हणाल्या कळलं नाही.

वाटेत बायको म्हणाली, "अहो, मला तुमच्याशी जरा बोलायचंय. त्या रचनेबद्दल."

"माहीत आहे," मी म्हटलं. "तुला वाटतं मी फार कडक बोलेन. पण मृतांच्या बाजूने कुणीतरी बोलायलाच हवं."

"मृतांच्या नव्हे हो, जि..."

"उद्या सांग," म्हटलं. माझ्या डोक्यात भाषणाचं पहिलं वाक्य तयार होत होतं.

२१ मार्च

वाचनालयाच्या दारावर जाहिरात लागली: 'लिफ्टचं गाणं पाचशे वर्षं जुनं? चोरी उघडकीस! पुराव्यासह.' लोक उभे राहून वाचतात, फोटो काढतात. आमची खोली ज्यांना मिळायची त्या व्यायामवाल्या बाईसुद्धा जागा राखून ठेवायला आल्या होत्या.

दुपारी वाचनालयात फोन आला. खुद्द त्या गायिकेचा. म्हणाली, कार्यक्रमाला येते, मूळ कागद बघायचे आहेत, आणि चोरी सिद्ध झाली नाही तर मला जे बोलायचं ते मी तिथेच बोलेन. ग्रंथपालबाई घाबरल्या आहेत. "सर, पुरावा पक्का आहे ना? नाहीतर खोलीचं सोडाच, माझी खुर्ची जाईल."

पक्का म्हणजे काय! प्राध्यापकांकडून मूळ प्रत मागवायची, संपलं.

२४ मार्च

सलूनला कुलूप. दारावर चिठ्ठी, 'रंगकाम चालू.' काचेतून पाहिलं तर आत रंगाचा डबासुद्धा नाही. फोन लागत नाही.

घरी येऊन कागद पुढे घेऊन बसलो. म्हटलं, प्राध्यापक राहू दे, रचनेच्या आतूनच काळ ठरवू. एकेक आवाज सुटा करून पाहिला.

बास पाहिला. त्या काळात बासला हटकून खालच्या टोकाचा स्वर असतो. आमच्या दंतवैद्यांना तो लागत नाही; तिथे ते नुसतं तोंड उघडून माझ्याकडे बघतात. इथे बास त्या स्वराच्या एक पायरी वरूनच परत फिरतो. दर वेळी. सोप्रानो पाहिली. प्रत्येक उंच स्वराच्या आधी श्वासाला जागा, टपालवाल्या मावशींना लागते तेवढीच. टेनरला मध्ये विश्रांती कुठेच नाही, एकदा सुरू झाला की झाला. माझा मेहुणा विश्रांतीनंतर कायम उशिरा शिरतो.

पाचशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाला माझ्या दंतवैद्याचा गळा कसा माहीत?

मग शेवटचं पान. शेवट जवळ आला की मी घाई करतो, असं सगळे म्हणतात. इथे शेवटाच्या अगदी आधी चारही आवाज पूर्ण गप्प होतात. तालाचं एक अख्खं आवर्तन शांतता. धावत सुटलेल्या माणसाला थांबावंच लागेल अशी.

सगळ्यांना सांभाळून घेतलंय, मला धरून. आल्टोला मात्र कुठेही सवलत नाही. सगळ्यात अवघड वळणं तिचीच. स्वतःला सवलत न देणारी एकच बाई माझ्या ओळखीची आहे आणि ती पलीकडच्या खोलीत पेपर तपासत होती.

मला राग यायला हवा होता. आला नाही. परवा भर हॉलमध्ये माझं हसं होणार, खोली जाणार, वृंद जाणार, हेही समोर दिसत होतं. पण त्याआधी जे वाटलं ते लिहून ठेवतो. इतकी वर्षं ती आमच्यामध्ये उभी राहून एकेकाचा गळा ऐकत होती, आणि कुणाला कुठे धाप लागते ते सगळं तिने चालीत घालून ठेवलंय. मला तिचा इतका अभिमान वाटला की ताबडतोब जाऊन सांगावंसं वाटलं. गेलोही. तिने घाबरून माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मनात आलं, थांब. इतके दिवस सगळ्यांनी मिळून मला खेळवलं. आता दोन दिवस मी खेळतो.

२५ मार्च

बायकोने चहाबरोबर सुरुवात केली. "अहो, ऐकून घ्या. ती रचना..."

"दैवी आहे," मी म्हटलं.

"ते नव्हे. ती जुनी नाही."

"चांगलं संगीत जुनं होतच नाही. अगदी बरोबर बोललीस."

तिने कपाळावर हात मारला. दुपारी दंतवैद्य येऊन गेले. "सर, उद्या भाषण रद्द केलं तर?" मी त्यांना दोन परिच्छेद वाचून दाखवले, चोरांची जीभ झडो या ओळीसकट. पांढरे पडले. संध्याकाळी मेहुणाही उगवला आणि दारातच हात जोडले. "भाऊजी, एक सांगू का?" मी म्हटलं, "प्राध्यापकांना उद्या पहिल्या रांगेत बसव." तो आल्या पावली गेला.

मजा येतेय. पण उद्या उभं राहून काय बोलायचं ते मलाही अजून माहीत नाही.

२६ मार्च

हॉल भरला. खिडक्यांतसुद्धा माणसं होती. गायिका दुसऱ्या रांगेत, हाताची घडी घालून. माझ्या अपेक्षेपेक्षा बरीच लहान आणि बरीच रागावलेली. ग्रंथपालबाई भिंतीला धरून उभ्या. मागे वृंद, चेहरे असे की पुढच्या क्षणी जमीन दुभंगावी.

मी म्हटलं, "चोरी झाली आहे. चोर याच हॉलमध्ये आहे." गायिका उठायला लागली. "बसा बाई. चोरी तुमची झालीय. चोर आम्ही."

हॉलमध्ये कुजबुज. मागून मावशींचं "अगं बाई."

मग मी सांगितलं. जुने उस्ताद रस्त्यावरचं गाणं कसं लपवत ते. "आमच्यातल्या एका उस्तादाने तुमचं गाणं टेनरच्या पोटात दडवलं, आणि या शहरातला सगळ्यात तीक्ष्ण कान, म्हणजे माझा, दोन आठवडे ती रचना हात करून बसवत होता. वर टेनरला म्हणाला, जिना डोळ्यांसमोर आण." इथे जो हशा सुटला त्यात मेहुण्याचा आवाज सगळ्यात मोठा होता. "जाहिरात खोटी आहे. रचना पाचशे वर्षांची नाही, पाच आठवड्यांची आहे. पण पाचशे वर्षांपूर्वीच्या कुणीही आपली म्हणून सही केली असती अशी आहे. आणि उस्ताद अज्ञात नाही. आल्टोमध्ये डावीकडून दुसरी उभी आहे, माझ्याकडे जळजळीत बघतेय, आणि माझी बायको आहे."

मागे वळून पाहिलं. ती बघत नव्हती. तिने कागद तोंडापुढे धरला होता.

आम्ही गायलो. गायिकेने काही वेळ मान तिरकी करून ऐकलं, मग तिचं तोंड उघडंच राहिलं, मग ती मेहुण्याबरोबर तो लांबलचक स्वर धरून गायला लागली. तिच्यामागची रांग लागली. पुढे अर्धा हॉल जिना चढत होता. शेवटाआधीची शांतता आली. मी घाई करणारच होतो. थांबलो. एवढी माणसं एकदम गप्प झालेली मी कधी ऐकली नव्हती.

नंतर गायिका म्हणाली, "इतक्या सावकाश चढला तर त्याला सातव्या मजल्यावर पोचायला उद्या उजाडेल हो." मी तिला विचारलं, दुसऱ्या कडव्यात एका आवाजाच्या मागून दुसरा आवाज लावायचं कुठून शिकलात? "शिकते कुठली," ती म्हणाली, "स्टुडिओत साथीला कोणी येईना. मग माझ्याच मागून मी गेले." बायको आणि ती तासभर कोपऱ्यात बसून बोलत होत्या. मला कुणी बोलावलं नाही.

घरी येताना बायकोने विचारलं, "कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी."

ती आमच्या इमारतीच्या जिन्यावर बसली आणि हसून हसून तिला उठवेना. या वहीत तारखा आहेत हे खरं, पण ही वही ती वाचत नाही.

२ एप्रिल

खोली आमचीच राहिली. व्यायामाचा वर्ग सकाळी, आम्ही संध्याकाळी. व्यायामवाल्या बाई स्वतः आमच्यात सोप्रानो म्हणून आल्या आहेत आणि मावशींना श्वास कसा घ्यायचा ते शिकवतात. मावशींना ते मुळीच आवडलेलं नाही.

ग्रंथपालबाईंची एकच अट आहे: पुढच्या वर्षी नवी रचना, लपवलेल्या गाण्यासह. बायको हो म्हणाली. तिचीही एकच अट होती: हात ती करणार. मी कुठे उभा राहू, विचारलं. "टेनर कमी पडतायत," म्हणाली. मी जरा वेळ मागितला. तो मिळाला नाही.

६ मे

बायकोला माझ्या बारीकसारीक गोष्टींचं हल्ली अप्रूप वाटायला लागलंय. आज सकाळी अंघोळ करताना बाथरूमच्या दारावर टकटक. "अहो, शेवटच्या दोन ओळी पुन्हा गुणगुणा ना. नळाच्या आवाजात ऐकू नाही आल्या." मी खूश होऊन चांगल्या खड्या आवाजात गुणगुणलो. बाहेर आलो तर ती कागद पाठीमागे लपवून उभी. वाण्याची यादी असेल.

संध्याकाळी सराव. नव्या रचनेत टेनरचे स्वर आधीपेक्षाही लांब आहेत. मेहुण्याच्या शेजारी उभा राहून एकेक स्वर धरतो, पुढचा येईपर्यंत मागचा विसरायला होतो. समोर बायको हात करते. आज तिने सगळ्यांना थांबवलं आणि म्हणाली, "टेनर, दुसऱ्या रांगेतले, घाई करू नका." सगळ्यांदेखत! मी बिनशर्त माफी मागितली. तिथून ती फार छान दिसते, हेही सांगायला हवं होतं. पुढच्या मंगळवारी सांगेन.

या खेपेला कुठलं गाणं लपवलंय, ते काही केल्या सापडत नाही. आठपट वेगानेही वाजवून पाहिलं. चाल ओळखीची वाटते, पण कुठे ऐकली ते आठवत नाही. सलूनमधली सगळी गाणी तपासली, त्यातलं नाही. गायिकेला फोन केला, तिला माहीत होतं, ती नुसती हसली. दंतवैद्य म्हणाले, "सर, अहो, तुम्ही रोज म्हणता!" म्हटलं, रोज म्हणतोच आहे, मंगळवारचा सराव सोडून घरीही म्हणतो, तरी कळत नाही. यावर खोलीतल्या सगळ्यांना पुन्हा एकदम खोकला आला.

भिकार चाल नाही, एवढं नक्की. कुणातरी जाणकार माणसाची आहे. उद्या अंघोळीच्या वेळी शांतपणे विचार करतो.